भाकिताला गेज लावताना

“सर, तुमच्या बायबलमधली भाकितं किती टक्के खरी ठरली?”

विचारणारा पोरगा जालन्याकडचा. आमच्या इन्स्पेक्शन विभागात येऊन त्याला जेमतेम वर्ष झालेलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. यहेज्केल आणि दानीएल या पुस्तकांतली वचनं आजच्या युद्धांशी जोडून दाखवणारा एक उपदेशक त्यात तावातावाने बोलत होता. खोलीवरच्या ख्रिस्ती मित्राने त्याला ती क्लिप पाठवली होती. पोराला मला डिवचायचं नव्हतं. दिवसभर हातात मायक्रोमीटर घेऊन बसणारा माणूस तो, त्याला आकडा हवा होता.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातले, वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी पिंपरीला आले. मी आधी भोसरीत आणि नंतर चाकणला, पंचवीस वर्षं पार्ट मोजतो आहे. लहानपणी संडे स्कूलमध्ये ‘पूर्ण झालेल्या भाकितांची’ यादी आम्ही पाठ करायचो. डावीकडे जुना करार, उजवीकडे नवा करार, मध्ये बाण. पुढे हातात गेज आला तेव्हा त्या बाणांबद्दल शंका येऊ लागल्या. बरीच वर्षं मी त्या कुणाजवळ बोललो नाही. आता बोलतो, कारण शंका घेतल्याने माझी श्रद्धा गेली नाही. ती कुठे टेकलेली आहे, एवढं मात्र नीट कळलं.

त्या पोराला मी टक्केवारी देऊ शकलो नाही. ती का देता येत नाही आणि तपासणी मग कशी करायची, ते सांगितलं. तेच इथे सविस्तर मांडतो.

टक्केवारी काढायची तर प्रयोग आधी ठरवावा लागतो. असा प्रयोग पुण्यातच झालेला आहे, फलज्योतिषावर. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये 200 मुलांच्या कुंडल्या जमवल्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी 40 कुंडल्या दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांची उत्तरं आली. त्यांतल्या सर्वोत्तमाने 40 पैकी 24 बरोबर ओळखल्या, सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली गेली. एका संस्थेने सगळ्या 200 कुंडल्या पाहिल्या आणि 102 बरोबर सांगितल्या. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. हा निष्कर्ष पक्का आहे, कारण ‘बरोबर’ कशाला म्हणायचं हे उत्तर येण्याआधी ठरलं होतं. किती विचारले, किती चुकले, दोन्ही मोजले गेले.

बायबलच्या बाबतीत ही सोय नाही. वचनं दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची आणि ‘पूर्ण झालं’ हा शेरा मारणारे बहुतेक जण नंतरचे. यादी करणाऱ्याने जुळलेली वचनं उचलली, न जुळलेली तिथेच ठेवली. ओके पार्टचाच ट्रे दाखवून लॉट पास करून घेण्यातला हा प्रकार. म्हणून टक्केवारी सोडायची आणि एकेक वचन हातात घ्यायचं.

त्याआधी ही वचनं सांगणारा संदेष्टा म्हणजे कोण, हे समजून घ्यायला हवं. तो पत्रिका मांडणारा नव्हे. मराठी शब्द नेमका आहे: संदेश आणणारा. यशया, यिर्मया, आमोस, मीखा यांच्या पुस्तकांचा फार मोठा भाग भविष्याबद्दल नाहीच, तो समोर बसलेल्यांना सुनावलेला आहे. आमोस हा इ.स.पू. आठव्या शतकातला मेंढपाळ. माप लहान आणि वजन मोठं करून गरिबाला नाडणाऱ्या व्यापाऱ्यांवर तो तुटून पडतो. ज्याच्या टेबलावर कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट टांगलेलं असतं, त्याने तो आठवा अध्याय जरूर वाचावा. मीखाचा दुसरा अध्याय दुसऱ्यांची शेतं हपापणाऱ्यांबद्दल आहे. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या आमच्या या पट्ट्यात तो वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. अशा बोलण्याच्या ओघात ‘हे असंच चाललं तर पुढे असं होईल’ ही वाक्यं येतात. त्यांना आपण भाकितं म्हणतो.

आता पहिली तपासणी, तारखेची. पार्ट बनण्याआधी रिपोर्ट लिहिला की नंतर? बॅकडेटचा रिपोर्ट हाताळलेल्या माणसाला त्याची खूण माहीत असते. लिहिणाऱ्याने जिथपर्यंत पाहिलं आहे तिथपर्यंतची रीडिंग दशांशापर्यंत अचूक असतात आणि तिथून पुढे ती एकदम भरकटतात. दानीएलच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय असा आहे. पुस्तकातला दानीएल इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये आहे. अध्यायात पुढच्या शतकांतल्या ग्रीक राजांच्या लढाया, लग्नं, दगाबाजी, सगळं ओळीने येतं. यरुशलेमचं मंदिर विटाळणारा चौथा अँटायोकस इ.स.पू. 167 च्या सुमारास येतो, तोवर सगळं इतिहासाशी जुळतं. मग त्याचा शेवट समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये होईल असं सूचित होतं. तो मेला इ.स.पू. 164 मध्ये, दूर इराणच्या बाजूला.

यावरून तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने निष्कर्ष काढला की हे पुस्तक अँटायोकसच्या काळातच लिहिलं गेलं. आजचे बहुसंख्य अभ्यासकही तसंच मानतात. पॉर्फिरी ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक होता, त्याचे ग्रंथ पुढे राजाज्ञेने जाळले गेले. तरी त्याचा हा युक्तिवाद आपल्याला माहीत आहे, कारण त्याला उत्तर देणाऱ्या संत जेरोमने तो आपल्या टीकाग्रंथात उतरवून ठेवला. आमच्या परंपरेने विरोधकाचा मुद्दा असा जपला, याचा मला अभिमान वाटतो आणि त्या जाळपोळीची लाजही वाटते.

तारखेचा दुसरा पेच कोरेश राजाचा. इंग्रजी पुस्तकांतला सायरस तो हाच. यशया आठव्या शतकातला आणि कोरेशने बाबेल जिंकलं इ.स.पू. 539 मध्ये, तरी यशयाच्या 44 आणि 45 व्या अध्यायांत कोरेशचं नाव घेऊन उल्लेख आहे. पारंपरिक वाचक म्हणतात, देवाने आधीच नाव सांगितलं. बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं असं की 40 व्या अध्यायापासूनचा भाग यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासातल्या दुसऱ्या कुणा संदेष्ट्याचा आहे. तिथे भाषा बदलते, परिस्थिती बदलते, आणि कोरेश ‘येणार’ असं नसून तो आलेला आहे अशा सुरात बोललं जातं. मला दुसरं म्हणणं पटतं. 1879 मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेला कोरेशचा मातीचा लेखगोल ब्रिटिश म्युझियमने 2013 च्या डिसेंबरात मुंबईला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाठवला होता. दोन्ही हातांत मावेल एवढा. त्यात राजा आपल्या विजयाचं श्रेय मार्दुक देवाला देतो, यरुशलेमचं नाव त्यात नाही. म्हणजे कोरेश खरा, त्याचं लोकांना मायदेशी परतू देण्याचं धोरणही खरं. पण बायबलमधली ओळ आधीची की नंतरची, हे त्या गोलावरून ठरत नाही. कुठला पुरावा काय सिद्ध करतो आणि काय करत नाही, हे वेगळं ठेवणं हेच तपासणीतलं अवघड काम.

मग प्रश्न येतो प्रतींचा: आज हातात असलेला मजकूर मूळचा आहे का? देहू-आळंदीच्या इंद्रायणीकाठी राहणाऱ्याला हा प्रश्न परका नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते, म्हणून एकनाथांनी प्रती जमवून, ताडून शके 1506 मध्ये म्हणजे 1584 साली शुद्ध पाठ सिद्ध केला. श्रद्धेपोटीच त्यांनी ती शंका घेतली होती. बायबलच्या बाबतीत मोठी कसोटी लागली 1947 मध्ये. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत बेदुईन मेंढपाळांना चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयाचं अख्खं पुस्तक होतं, 7.34 मीटर लांब, 54 स्तंभांचं, इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. तोवर अभ्यासकांच्या हातातल्या यशयाच्या संपूर्ण हिब्रू प्रती इ.स. दहाव्या-अकराव्या शतकांतल्या होत्या. मध्ये हजार वर्षांचं अंतर. ताडून पाहिलं तर शुद्धलेखनाचे आणि शब्दांचे पुष्कळ फरक निघाले, पण पुस्तक तेच. काही ठिकाणी लेखनिकाचं गळलेलं नंतर ओळींच्या वर बारीक अक्षरात भरलेलं दिसतं.

यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. यशयाचं पुस्तक येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी याच रूपात होतं, ख्रिस्ती लोकांनी नंतर त्यात भर घातलेली नाही. कोरेशचा पेच मात्र तसाच राहिला, कारण ही प्रतही कोरेशनंतर चारशे वर्षांनी लिहिलेली.

मजकूर जुना ठरला, आता शब्द पाहायचा. नाताळात प्रत्येक मंडळीत यशयाच्या सातव्या अध्यायातलं इम्मानुएलचं वचन वाचलं जातं. मूळ प्रसंग इ.स.पू. 735 च्या आसपासचा. दोन शेजारी राजे चालून आल्यामुळे यहूदाचा राजा आहाज घाबरला आहे. यशया त्याला खूण देतो: एका स्त्रीला मुलगा होईल आणि तो मुलगा बरंवाईट ओळखू लागायच्या आत हे दोन्ही शत्रू संपलेले असतील. त्या स्त्रीसाठी हिब्रू शब्द आहे ‘अल्मा’, म्हणजे तरुण, लग्नाच्या वयाची स्त्री. ख्रिस्तपूर्व काळातच ग्रीक भाषांतरकारांनी तिथे ‘पार्थेनोस’ हा शब्द घातला. त्याचा नेहमीचा अर्थ कुमारी. मत्तयाने शुभवर्तमान लिहिताना तो ग्रीक शब्द घेतला आणि मरियेशी जोडला. 1952 मध्ये एका इंग्रजी भाषांतरात या जागी ‘तरुण स्त्री’ छापलं, तेव्हा अमेरिकेतल्या एका पाळकाने चिडून ते पान जाळलं.

पान जाळून शब्द बदलत नाही. आहाजला दिलेली खूण आहाजच्या हयातीतच कामाची होती, सातशे वर्षांनी जन्मणारं मूल त्याला काय दिलासा देणार? मत्तय इथे वकिलासारखा पुरावा मांडत नाही, असं मला वाटतं. मिसरातून पुत्राला बोलावल्याचं होशेयचं वचनही तो येशूला लावतो आणि होशेय तर तिथे मोशेच्या काळातल्या सुटकेची आठवण सांगतो आहे. मत्तयाच्या दृष्टीने इस्राएलची जुनी गोष्ट येशूमध्ये पुन्हा, पूर्णत्वाने घडते. हे श्रद्धेचं वाचन आहे. मी ते मानतो. ते मोजमापाचा पुरावा म्हणून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवणं मात्र गैर आहे.

ही जाणीव असलेलं एक मराठी माणूस इथून फार दूर नव्हतं. दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून मराठी बायबल करण्यात घालवली. 1922 मध्ये त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये छापून झाला. इंग्लंडमध्ये वाँटेजला 1883 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्या प्रश्नांमागून प्रश्न विचारतात. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून मान डोलवायला त्या तयार नाहीत. शंका आली म्हणून त्यांनी ग्रंथ मिटला नाही, त्या मूळ भाषेपर्यंत गेल्या.

मूळ भाषेत वाचणारी मराठी माणसं आणखीही आहेत. पुण्यात रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगमध्ये बेने इस्राएल हा यहुदी समाज तोच यशया वाचतो. घरात मराठी बोलणारे ते आणि आम्ही. 53 व्या अध्यायातल्या दुःख सोसणाऱ्या सेवकात आम्हाला येशू दिसतो, यहुदी परंपरेला त्यात प्रामुख्याने छळ सोसणारा इस्राएल समाज दिसतो. शब्द तेच, शाईही तीच. या अध्यायावर ‘सिद्ध झालं’ असा शिक्का मारणाऱ्याने आधी या शेजाऱ्यांसमोर बसून तो वाचावा.

आता डेटम. ड्रॉईंगवर माप कुठून घ्यायचं तो पाया आधी ठरलेला असतो. माप घेऊन झाल्यावर डेटम सरकवला तर कुठलाही पार्ट पास होतो. यिर्मया म्हणतो, बाबेलची सत्ता सत्तर वर्षं चालेल. इ.स.पू. 605 पासून, म्हणजे तो हे बोलला त्या वर्षापासून, बाबेल पडेपर्यंत मोजा: 66 वर्षं येतात. मंदिर पाडलं गेलं 586 मध्ये, नवं पूर्ण झालं 516 मध्ये, तसं मोजा: बरोबर 70. मी पहिली मोजणी धरतो, कारण बोलणं बाबेलच्या सत्तेबद्दल आहे, आणि तरीही यिर्मयाला पास करतो. सत्तर म्हणजे माणसाचं एक पूर्ण आयुष्य, एवढा टॉलरन्स त्या भाषेत गृहीत आहे. शिवाय पुढे काही वर्षांनी हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोनच वर्षांत सुटका होईल असं गोड भाकीत करत होता. यिर्मयाचं कडू बोलणं इतिहासात उतरलं, हनन्याचं नाही.

डेटमचा सगळ्यात मोठा धडा आपल्या औंध रस्त्यावर उभा आहे. खडकीकडून औंधला जाताना लागणारी स्पायसर ही संस्था सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीची. 1915 मध्ये कोइमतूरला सुरू झाली, 1942 मध्ये पुण्यात आली. या मंडळीची मुळं एका चुकलेल्या तारखेत आहेत. दानीएलच्या आठव्या अध्यायात 2300 संध्याकाळ-सकाळींचा उल्लेख आहे. विल्यम मिलर या अमेरिकन शेतकऱ्याने एका दिवसाचं एक वर्ष धरलं. सुरुवात धरली इ.स.पू. 457, यरुशलेमच्या पुनर्रचनेच्या राजाज्ञेपासून. 2300 वजा 457 म्हणजे 1843, आणि इ.स. शून्य असं वर्ष नसल्याने एक मिळवून 1844. त्याच्या चळवळीतल्यांनी शेवटी नेमका दिवस काढला, 22 ऑक्टोबर 1844. हजारो लोक ख्रिस्ताच्या आगमनाची वाट पाहत जागले. काहींनी पिकं शेतातच सोडली होती. सकाळ झाली, नेहमीसारखी.

गणितात चूक नव्हती. दिवसाचं वर्ष करणं आणि 457 निवडणं, हे दोन्ही वचनाच्या बाहेरून आलेलं. त्याच वचनात संध्याकाळचं एक आणि सकाळचं एक बलिदान असं वेगळं मोजलं तर 1150 दिवस होतात, तीन वर्षांहून थोडे अधिक. अँटायोकसने मंदिर विटाळल्यापासून ते पुन्हा शुद्ध होईपर्यंतचा काळ साधारण तीन वर्षांचाच होता. 1844 च्या त्या रात्रीनंतर अनेकांनी श्रद्धाच सोडली. काहींनी म्हटलं, तारीख बरोबर होती, घटना स्वर्गात घडली. त्यांतून 1863 मध्ये ही मंडळी संघटित झाली आणि तिने जगभर दवाखाने, शाळा काढल्या. त्यांचं स्पष्टीकरण मला पटत नाही. त्यांच्या शाळा-दवाखान्यांबद्दल आदर आहे, आणि त्या रात्री जागलेल्यांच्या दुःखाची थट्टा मला सहन होत नाही.

एवढं ऐकल्यावर पोरगा म्हणाला, “म्हणजे रिजेक्शन आहेच. ते लपवलं कुठे?”

लपवलं नाही, आणि इथेच मला खरं बोलायचं होतं. बायबल स्वतःच कसोटी सांगतं. अनुवाद या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात म्हटलंय की संदेष्ट्याने सांगितलेलं घडलं नाही तर ते देवाकडून नव्हतं, त्याला भिऊ नका. 13 वा अध्याय त्याहून पुढे जातो: खूण खरी ठरली तरी तो माणूस तुम्हाला देवापासून दूर नेत असेल तर ऐकू नका. नेम बरोबर लागणं एवढंच पुरेसं धरलेलं नाही. योनाच्या गोष्टीत निनवे चाळीस दिवसांत उलथणार असतं. लोक पश्चात्ताप करतात, शहर वाचतं आणि भाकीत मुद्दाम ‘चुकतं’. हुल्दा ही संदेष्टी योशीया राजाला शांतीने कबरेत जाशील असं सांगते आणि तो मगिद्दोला मारला जातो. हुल्दाचं बोलणं आणि योशीयाचं मरण या दोन्ही गोष्टी राजांच्या एकाच पुस्तकात लागोपाठच्या अध्यायांत आहेत, कुणीही खोडलेल्या नाहीत.

पण सगळ्यांत मोठं उदाहरण सोर नगराचं. यहेज्केल 26 व्या अध्यायात म्हणतो की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर उद्ध्वस्त करील, लूट नेईल, नगर पुन्हा बांधलं जाणार नाही. नबुखद्नेस्सरने तेरा वर्षं वेढा दिला. सोर बेटावर होतं, समुद्राच्या कुशीत. वेढा तडजोडीत संपला, नगर उभंच राहिलं. पुढे इ.स.पू. 332 मध्ये अलेक्झांडरने किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीची दगडमाती समुद्रात टाकून बेटापर्यंत वाट बांधली आणि सात महिन्यांनी सोर घेतलं. उपदेशक हा शेवटचा भाग रंगवून सांगतात. पण वचनात नाव नबुखद्नेस्सरचं आहे आणि सोर आजही लेबनॉनमध्ये सूर या नावाने नांदतं आहे. माणसं राहतात, मासेमारी करतात.

आता 29 वा अध्याय उघडा. सतराव्या वचनापासून यहेज्केल पुन्हा बोलतो, तारीख घालून. आशय असा की नबुखद्नेस्सरच्या सैन्याने सोरपुढे डोक्याला टक्कल पडेपर्यंत, खांदे सोलवटेपर्यंत कष्ट केले, पण मोबदला काही मिळाला नाही, म्हणून आता त्याला मिसर दिला जाईल. त्याच संदेष्ट्याच्या पुस्तकात, तीन अध्यायांनंतर, पहिलं बोलणं पुरं झालं नसल्याची दिनांकित नोंद. ज्यांनी हे पुस्तक नकलून ठेवलं त्यांना 26 वा अध्याय बदलता आला असता. 29 वा गाळता आला असता. त्यांनी दोन्ही तसेच ठेवले.

“मग रविवारी जाता कशाला?” त्याने विचारलं. आवाजात आगाऊपणा नव्हता.

मी त्याला सांगितलं, आमोसच्या वजनांसाठी जातो. येशूवरचा माझा विश्वास बाणांच्या यादीवर उभा नाही. तो त्याच्या वागण्यावर, त्याच्या मरणावर आणि तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानाच्या साक्षीवर उभा आहे आणि ती साक्ष गेजने मोजता येत नाही, हे मी मान्य करतो. पण ज्या ग्रंथाने स्वतःचा रिजेक्शन रिपोर्ट फाइलमध्ये ठेवला, त्याच्या बाकीच्या बोलण्याकडे मी कान देऊन बसतो.

सुट्टी संपल्याची बेल झाली. तो उठला नाही. त्याने मोबाइलवर यहेज्केलचा 29 वा अध्याय काढला होता, सतराव्या वचनावर बोट ठेवलेलं.

“सर, हे सत्ताविसावं वर्ष लिहिलंय. डेटम कुठला धरायचा?”

मी चहाच्या कपाखालचा कागद ओढला आणि लिहिलं: राजा यहोयाखीन बंदिवासात गेला, इ.स.पू. 597. तिथून मोजत आम्ही 571 ला पोचलो.